सात दिवसांचं शिबिर आणि गावचा नाला

हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या जिल्हा परिषद शाळेत पन्नासेक कॉलेजची मुलंमुली मुक्कामाला येतात. फाटकावर फलक लागतो: ‘राष्ट्रीय सेवा योजना – विशेष श्रमसंस्कार शिबिर’. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावासमोर पथनाट्य. या सात दिवसांत खरंच काही उभं राहतं का? राहतं, पण त्याला काही अटी आहेत.

योजनेची मुळं

शिकणाऱ्याने काही काळ समाजासाठी द्यावा, असा गांधीजींचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर त्यावर समित्या बसल्या. १९५९मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख होते. सक्तीच्या सेवेची कल्पना खर्चामुळे आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे मागे पडली. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ऐच्छिक योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षं काम करायचं आणि एक शिबिर पूर्ण करायचं. कॉलेजातलेच एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी असतात. सगळी भिस्त त्यांच्यावर असते.

वनराई बंधारा कसा घालतात

मुलांच्या हातांना सर्वांत शोभणारं काम मला हे वाटतं. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे या बंधाऱ्याचं नाव घरोघरी गेलं. पाऊस ओसरला की नाल्याची धार बारीक होते, पण वाहत असते. तेवढ्यात ती अडवायची. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्यांत नाल्यातलीच वाळू-माती भरतात. गोणी तोंडापर्यंत ठासायची नाही, नाहीतर ती घट्ट बसत नाही. तोंड शिवून, साखळी करून, हातोहात गोण्या पुढे सरकवतात. वीटकामासारखे सांधे मोडत थर रचायचे आणि फटींत चिकणमाती दाबायची. सुरुवातीला हसतखेळत चाललेली साखळी तासाभरात गप्प होते. तळहाताला फोड आलेले असतात आणि फावडं धरायचं कसं, हे गावातली एखादी आजी दाखवत असते.

पैसा जवळजवळ लागत नाही. अडलेलं पाणी जनावरांना मिळतं, आसपासच्या विहिरींना पाझरतं, कुणाच्या हरभऱ्याला एखादी पाळी जास्त देता येते. मात्र उन्हाने गोण्या विरतात आणि पुढच्या पावसात बांध वाहून जातो. दरवर्षी तो नव्याने घालावाच लागतो.

शहरात आणि वाटेवर

कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर, नाशिकला गोदाकाठी विसर्जनाच्या दिवशी विद्यार्थी निर्माल्य गोळा करतात. आषाढी वारीत ‘निर्मल वारी’साठी पालखीच्या मुक्कामी पहाटे उभं राहून वारकऱ्यांना उघड्यावर न जाता शौचालयाकडे वळवणारे स्वयंसेवकही हेच. वयाने मोठ्या माणसाला न दुखावता हे सांगायचं, हा धडा वर्गात मिळत नाही. रक्तदानातही कॉलेजांचा वाटा एवढा आहे, की मे महिन्यात सुट्ट्या लागल्या की रक्तपेढ्यांत टंचाई जाणवते.

कुठे फसतं

गावाला न विचारता ठरवलेलं काम फसतं. जुलैत शंभर रोपं लावून फोटो काढले आणि एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार हे ठरवलंच नाही, तर उरतात फक्त खड्डे. शिबिरानंतर गाव बदलणारी कॉलेजंही चूक करतात. दत्तक गाव तीन-चार वर्षं तेच ठेवलं, की सरपंचांपासून बचत गटाच्या ताईंपर्यंत सगळे मुलांना नावाने ओळखू लागतात आणि कामं तेच सुचवतात.

दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते, म्हणून हे धागे तुटतात. उपाय साधा आहे. कामाची वही कॉलेजात राहावी, त्यात नाल्याची जागा, गोण्या कुठून आणल्या आणि गावात कुणाशी बोलायचं हे लिहिलेलं असावं. आणि शिबिराची वाट न पाहता पाऊस थांबल्यावर पहिल्याच रविवारी जुनी चार मुलं नव्यांना घेऊन त्याच नाल्यावर जावीत.