रापणीपासून दहीकाल्यापर्यंत

सकाळी साडेसहा. मालवणात दांडीच्या वाळूवर रापण ओढली जातेय. इथे माझ्या हातात लहान सेन्सरचा, मायक्रो फोर थर्ड्सचा कॅमेरा असतो. उन्हं वर आली की आयएसओ २०० पुरतो आणि नॉइज शोधूनही सापडत नाही. शिवाय ३०० मिमीची लेन्स ६०० मिमीसारखी जवळ नेते. मासळीवर झडप घालणारी घार चौकटीत भरते.

दुपारी तीन. कार्डं रिकामी करायची, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, लेन्सवरचा खारा थर पुसायचा.

रात्री दहा. जत्रेत देवळामागे दशावतारी रंग लावतायत, वर एकच बल्ब. "उजेड नाय, मगे फोटो कसो येतलो रे?" एक जण आरशातूनच विचारतो. बरोबरच्या मुलाकडे एपीएस-सी डीएसएलआर. सेन्सर लहान, म्हणून आतला आरसा आणि फोकसिंग स्क्रीनही लहान. त्यात किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६. "दादा, डोळेच दिसत नाहीत." मी त्याला ५० मिमी, एफ/१.८ लावून देतो. सेन्सरवर जवळपास दहापट उजेड पडतो. फाइंडरमध्ये तेवढा फरक दिसत नाही, कारण अलीकडचे स्क्रीन साधारण एफ/२.८ च्या पुढचा उजेड दाखवतच नाहीत. तरी भुवई रेखणारी काडी आता स्पष्ट दिसते.

साडेअकरा. पायपेटी आणि पखवाजावर संकासुर येतो. अंगावर सगळा काळा वेश, आणि नॉइज आधी काळ्यातच उठतो. माझ्या सकाळच्या लहान आणि दुसऱ्या फुल फ्रेम, अशा दोन्ही कॅमेऱ्यांवर एफ/२.८, १/१२५ सेकंद, आयएसओ ३२००. फोटो सारखेच उजळ येतात, पण लहान कॅमेऱ्यातला काळा रंग रवाळ दिसतो. त्यावर २५ मिमीची लेन्स आहे, म्हणजे छिद्र सुमारे ९ मिमी. फुल फ्रेमवर त्याच चौकटीला ५० मिमी लागते, छिद्र १८ मिमी. व्यास दुप्पट म्हणजे उजेड चौपट, आणि उजेड चौपट झाला की नॉइज प्रमाणात निम्मा. लहान सेन्सरला बरोबरी करायची तर एफ/१.४ हवी. एफचा आकडा एक्स्पोजर सांगतो. सेन्सरला एकूण उजेड किती मिळाला, ते त्यातून कळत नाही.

पहाट. आख्यान संपून दहीकाला होतो.

यंदा जत्रेला कॅमेरा घेऊन येणार असाल, तर महागड्या बॉडीआधी एक वेगवान लेन्स घ्या. आणि फ्लॅश बंद ठेवा. रात्रभर नाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर तो मारू नये.