सहावा डंपर की दोन मिनिटांचा रस्ता?

उमरेडच्या आसपास सपाट माथ्याचे जे डोंगर दिसतात, ते कोळशाच्या थरावरून काढलेल्या मातीचे आहेत. उमरेड, मकरधोकडा, गोकुल, दिनेश ही वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, उमरेड क्षेत्रातल्या खुल्या खाणींची नावं. अशा खाणीत कोळसा काढण्याआधी त्याच्यावरची माती आणि दगड, म्हणजे ‘ओबी’, हलवावी लागते. शॉवेल माती उचलून डंपरमध्ये टाकतं, डंपर चढ चढून वर जातो, रिकामा होतो, पुन्हा खाली येतो. तिन्ही पाळ्यांत हेच चालतं. या फेऱ्यांतून नियोजन करणाऱ्यापुढे रोज एक प्रश्न उभा राहतो: एका शॉवेलमागे किती डंपर लावायचे?

डंपर कमी पडले तर शॉवेल रिकामं थांबतं. जास्त झाले तर डंपर इंजिन चालू ठेवून रांगेत उभे राहतात आणि डिझेल जळत राहतं. कागदावर हिशोब सोपा आहे. उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. ते कोणत्याही एका खाणीत मोजलेले नाहीत. एक डंपर भरायला ४ मिनिटं लागतात. भरून वर जाणं, रिकामं करणं आणि परत येणं यात १४ मिनिटं जातात. म्हणजे फेरी १८ मिनिटांची. १८ ला ४ ने भागलं की साडेचार येतात, तेव्हा पाच डंपर लावले की शॉवेलला उसंत मिळणार नाही आणि तासाला १५ डंपर भरून निघतील. खाणकामातला ‘मॅच फॅक्टर’ हेच गणित सांगतो.

प्रत्यक्षात तासाला १५ डंपर निघत नाहीत. दगड मोठा आला की भरायला ७ मिनिटं लागतात, भुसभुशीत माती असली की ३. कधी चढावर पुढचा डंपर हळू चालतो, कधी धुळीत समोरचं दिसत नाही. मग दोन डंपर एकदम शॉवेलपाशी येतात आणि नंतर बराच वेळ कोणीच येत नाही. शॉवेलचा तो वाया गेलेला वेळ पुढे भरून निघत नाही, कारण ते आपल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने भरू शकत नाही. सरासरी तीच ठेवून या वेळा अगदी बेभरवशाच्या धरल्या, तर पाच डंपरांवर तासाला सुमारे १२.७ डंपरच भरतात आणि प्रत्येक डंपर दर फेरीला साडेपाच मिनिटांच्या आसपास रांगेत घालवतो. खरी खाण या टोकाच्या अनिश्चिततेच्या आणि कागदी हिशोबाच्या मध्ये कुठेतरी असते. ती नेमकी कुठे आहे हे शोधण्यासाठीच सिम्युलेशन, म्हणजे तेच काम संगणकावर चालवून पाहणं, लागतं.

रांगांचं गणित टेलिफोनमुळे जन्माला आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी १९०९ साली त्यावरचा पहिला निबंध लिहिला. कारखान्याचं काम संगणकावर चालवून पाहण्याची वाट मात्र पोलादाच्या उद्योगाने दाखवली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या युनायटेड स्टील कंपनीत टॉकर यांनी त्यासाठी सर्वसाधारण प्रोग्राम तयार केला. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांचं जीपीएसएस आलं. आज कार्यालयीन प्रक्रियेपासून बंदरापर्यंत कशाचीही आकृती पडद्यावर मांडता येते, आणि त्या आकृतीला आकडे कसे जोडायचे याचं ‘बीपीसिम’ नावाचं प्रमाण २०१३ पासून उपलब्ध आहे. आकृती काढणं हा सोपा भाग. सिनारिओ मांडताना खरा कस लागतो.

सिनारिओ म्हणजे त्याच आकृतीला विचारलेला एक नेमका प्रश्न. पहिला सिनारिओ नेहमी ‘आहे तसं’ हाच असला पाहिजे. त्यात आजचे डंपर, आजचा रस्ता, आजच्या पाळ्या भरायच्या आणि निघालेलं उत्तर प्रत्यक्ष फेऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहायचं. ते जुळत नसेल तर पुढे जाऊ नये. माझं ठाम मत आहे की सिनारिओ मांडणाऱ्याने सुरुवातीला संगणकाला हात लावू नये; घड्याळ घेऊन फेसवर, म्हणजे शॉवेल खोदतं त्या जागी, उभं राहावं आणि डंपर चालवणाऱ्या भाऊंना विचारावं. तिसऱ्या पाळीत कोणत्या वळणावर वेग कमी करावा लागतो, पाळी बदलताना खरा किती वेळ जातो, डंपरमध्ये बिघाड झाला की दुसरा कधी मिळतो, हे कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. ब्लास्टिंगचंही तसंच. सुरुंग उडवताना ५०० मीटरचा धोक्याचा परिसर मोकळा करावा लागतो. म्हणजे सुरुंगाचा क्षण एकच असला, तरी शॉवेल मागे घेणं, माणसं हलवणं आणि पुन्हा काम सुरू होणं हा सगळा वेळ सिनारिओच्या कॅलेंडरमध्ये भरायला हवा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सॉफ्टवेअर सुरुवातीचा काही काळ ‘वॉर्म-अप’ म्हणून हिशोबातून वगळायला सुचवतं. कधीच न थांबणाऱ्या व्यवस्थेसाठी ते बरोबर आहे. पण पाळीच्या आरंभी सगळे डंपर एकाच वेळी शॉवेलपुढे येतात, आणि ती गर्दी दर पाळीला होते. ती वगळली तर खाणीचा एक खरा तोटाच हिशोबातून गळतो. एकदाच चालवून निघालेल्या उत्तरावरही भरवसा ठेवू नये, कारण ते फक्त एका दिवसाचं नशीब असतं. तोच सिनारिओ अनेकदा चालवावा. दोन सिनारिओंची तुलना करताना दोघांना यादृच्छिक आकड्यांची तीच मालिका द्यावी, म्हणजे मोठा दगड आला तर दोन्हीकडे येईल आणि फरक फक्त आपण केलेल्या बदलाचा उरेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्याच बेभरवशाच्या वेळा आणि आठ तास अखंड काम धरलं, तर पाच डंपरांच्या मूळ सिनारिओत पाळीला सुमारे १०१ फेऱ्या होतात. दुसऱ्यात सहावा डंपर लावला: ११०. तिसऱ्यात डंपर पाचच ठेवले, पण रस्ता दुरुस्त करून १४ मिनिटांची १२ केली: सुमारे १०७. म्हणजे सहाव्या डंपरने जे मिळतं त्याचा निम्म्याहून मोठा वाटा खड्डे बुजवून, चढ सारखा करून आणि पाणी मारून मिळतो, आणि त्यासाठी नवा डंपर किंवा आणखी एक चालक लागत नाही. सहाव्या डंपरने प्रत्येकाच्या फेऱ्या २० वरून १८ वर येतात, रांगेतला वेळ आठ मिनिटांवर जातो. सातवा लावला तर पाळीला जेमतेम पाच फेऱ्या वाढतात. चालकाच्या कमरेचं दुखणं आणि रस्त्याकडेच्या गावांवर बसणारी धूळ सॉफ्टवेअरच्या निकालात आपोआप येत नाही. रस्त्याच्या बाजूने मी जे म्हणतो त्याचं एक कारण तेही आहे.

कोळसा रस्त्याने नेणाऱ्या ट्रकांची रांग ही निराळी प्रक्रिया आहे. डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) दाखवणं, वजनकाट्यावर रिकामं वजन, लोडिंग, भरलेलं वजन, चलान असा तिचा क्रम. इथे दुसरा काटा बसवण्याची मागणी सहज पुढे येते. पण अडचण लोडरपाशी असेल, तर दुसऱ्या काट्याने रांग फक्त फाटकाबाहेरून आत सरकते. हे तपासायला १९६१ साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम पुरतो: तासाला १२ ट्रक येत असतील आणि प्रत्येक ट्रक आत अडीच तास राहत असेल, तर कोणत्याही क्षणी आवारात सरासरी ३० ट्रक असणार. मॉडेल १० दाखवत असेल आणि डोळ्यांना ३० दिसत असतील, तर चूक मॉडेलची आहे. ट्रक ठरावीक अंतराने येतात असं धरणं ही तिथली सगळ्यात महागडी चूक, कारण सकाळी ते झुंडीनेच येतात.

पावसाळ्यासाठी सगळ्या वेळा वीस टक्क्यांनी वाढवून भागत नाही. पाऊस सगळ्या वेळा सारख्या प्रमाणात बिघडवत नाही. काळ्या मातीवर चढ निसरडा झाला की डंपर हळू चालतात असं नव्हे, ते उभेच करावे लागतात. तळाशी पाणी साचलं की एक फेस बंद होतो आणि त्याचे डंपर दुसऱ्या फेसवर गर्दी करतात. म्हणून पावसाळी सिनारिओत बंद तासांचे सलग तुकडे, पंपांची क्षमता आणि डंपर दुसरीकडे वळवण्याचा नियम हे तिन्ही स्वतंत्र मांडावे लागतात. आणि हा सिनारिओ उन्हाळ्यातच चालवून पाहावा लागतो, कारण डंपरांच्या रस्त्यावर मुरूम पसरायला, कडेच्या चऱ्या खणायला आणि पंप बसवायला कोरडी जमीन लागते.