भोगीची भाजी आणि आत्याची वही

मुंबईला थंडी नसते, असं बाहेरची माणसं म्हणतात. मीही म्हणायचे. आमच्या पाटण तालुक्यात डिसेंबरात पहाटे शेकोटीशिवाय हात चालत नाहीत. त्यामुळे २००५ च्या डिसेंबरात मी लालबागला आत्याकडे राहायला आले, तेव्हा आईनं बळंच दिलेली वाकळ ट्रंकेच्या तळाशी घातली होती. चौथ्याच रात्री ती बाहेर निघाली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून येणारं वारं दाराच्या फटीतून आत शिरायचं आणि थेट पोटमाळ्यावर माझ्या पायाशी येऊन बसायचं. परळला रस्त्याकडेला तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसत. आत्यानं तिथून घासाघीस करून मला एक मरून रंगाचा स्वेटर आणला. ‘‘शिकलेली पोर आजारी पडली तर तुझा बाप मलाच बोलंल,’’ म्हणाली.

मी तेव्हा एम.फिल. करत होते. ही पदवी आता बंद झाली, पण तेव्हा प्राध्यापक होऊ पाहणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी ती मोठी गोष्ट होती. हॉस्टेलची मुदत संपलेली, शिष्यवृत्ती कुठल्या तरी टेबलावर अडकलेली आणि प्रबंधिका मात्र मार्चअखेर द्यायचीच होती. वडिलांचं म्हणणं सरळ होतं, ‘‘मार्चपर्यंत झालं तर झालं, नाहीतर घरी ये. एक स्थळ थांबलंय.’’

दहा बाय बाराची खोली. पहाटे पाचला नळाला पाणी. बादली घेऊन रांगेत उभं राहिलं की दात वाजायचे. आत्या साडेचारलाच उठलेली असायची. तिची खाणावळ होती. एकेकाळी बत्तीस मेंबर होते, आता नऊ. त्यातले बरेच मॉलमध्ये सिक्युरिटीला. मी पोटमाळ्यावर चाळीसच्या बल्बखाली वाचत बसायचे आणि खालून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आजही तो आवाज आठवला की मला अभ्यासाला बसावंसं वाटतं!

साडेनवाला करी रोडहून स्लो लोकल. लेडीज डब्यात थंडीच्या दिवसांत भाजीबाजारच भरायचा. कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय. व्हीटीला उतरून चालत विद्यापीठाच्या फोर्टच्या ग्रंथालयात. वर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं दिलेल्या पैशातून उभा राहिलेला, त्यांच्या आईचं नाव मिरवणारा आणि १८७८ साली पुरा झालेला. रंगीत काचांतून ऊन वहीवर पडायचं आणि दर पाव तासानं घड्याळ टोला द्यायचं. तो टोला ऐकला की मार्च आठवायचा. दुपारी समोरच्या ओव्हल मैदानाच्या कडेला उन्हात बसून आत्यानं दिलेला डबा. आठवड्यातून दोन दिवस दादरला नायगावात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात. ही संस्था १८९८ सालची. जुने अंक उलटताना शिंका यायच्या, पण तिथं पंख्याखाली बसून उतरवून घेतलेल्या नोंदींवरच माझी प्रबंधिका उभी राहिली. शनिवारी गिरगावात मैत्रिणीकडे. तिच्या वाडीत एक डीटीपीवाला होता, तो पानामागे स्वस्तात टाइप करून द्यायचा.

विषय होता गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायका. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात ताडदेवला निघाली. मग कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून पुरुष आले. बायकामुलं गावी. एकेका खोलीत इतके जण, की एक पाळी कामावर गेली की दुसरीनं तिथंच अंग टाकायचं. या माणसांना जेवायला कोण घालत होतं? चाळीतल्याच बायका. गिरणीच्या इतिहासात मालक आहेत, पुढारी आहेत, कामगार आहेत. त्यांच्या ताटात भाकरी वाढणारी फारशी कुठं नाही. या बायका वाण्याकडून उधारीवर माल उचलायच्या आणि सावकारी व्याजात बुडायच्या. बँक त्यांना दारात उभी करत नव्हती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यानंतर त्यांच्यातल्या कित्येकींना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळालं. आत्याही पुढं त्यात सामील झाली होती. सही करायला ती तिथंच शिकली.

म्हणजे माझा विषय माझ्याच पोटमाळ्याखाली स्वयंपाक करत होता. पण आत्या बोलेल तर शपथ! टेपरेकॉर्डर पुढं ठेवला की म्हणायची, ‘‘त्यात काय लिवायचं? रांधलं, वाढलं, भांडी घासली.’’ संपाचा विषय काढला की ती कांदा चिरायला घ्यायची.

१३ जानेवारी २००६. भोगी. सकाळपासून खोलीत तिळाचा वास. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, बोरं, सगळं घालून केलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मेंबर जेवून गेले. आम्ही दोघी शेवटी बसलो. आत्या एकदम म्हणाली, ‘‘त्या वर्षीबी अशीच भोगी केली व्हती. बत्तीस पानं. पाचव्या दिवशी संप.’’

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ‘‘सगळे म्हणत व्हते, वैनी, महिन्याभरात मिटंल. मी म्हटलं, जेवा. उपाशी माणसाकडून पैसं कसं मागायचं? पण वाणी थांबतोय व्हय? पाटल्या ठेवल्या. मग डोरल्यातलं सोनं. तुझ्या मामांचीबी गिरणी बंदच. आखाड लागला तशी एकेक जण गावाला जायला लागला. एक तर रात्रीचाच गेला, न सांगता. ट्रंक इथंच. त्याला वाटलं असंल, मी बाकी मागंन.’’

मग तिनं देवळीतली, लाल कापडात बांधलेली वही काढली. मेंबरांची नावं, महिने, जमा, बाकी. पुढं कुणी मनीऑर्डर केली होती, कुणी तांदळाचं पोतं पाठवलं होतं. ते सगळं लिहिलेलं. बऱ्याच नावांपुढं बाकी तशीच. ‘‘लिही तुला काय लिवायचं ते. पण नावं नको.’’

दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर मी गाईड मॅडमना फोन केला. त्या खूश! म्हणाल्या, ‘‘अगं, हे सोनं आहे. वहीची झेरॉक्स परिशिष्टात लाव. नावांसकट. नाहीतर पुरावा कसा होणार?’’ मॅडमचंही चूक नव्हतं. मार्च डोळ्यांसमोर होता. सोमवारी आत्या डोळे दाखवायला दवाखान्यात गेली होती. मी वही पिशवीत घातली आणि गिरगाव गाठलं.

झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढं चार जण होते. उभ्या उभ्या पानं उलटत राहिले. सतराव्या पानावर माझ्या वडिलांचं नाव होतं. सख्ख्या भावाचं. फेब्रुवारी ते जून, पाच महिने बाकी.

दादा गिरणीत होते हे मला ठाऊक होतं. संपानंतर ते गावी परतले, शेती धरली, एवढंच घरात बोललं जायचं. ते मुंबईला पुन्हा कधी आले नाहीत. मला आत्याकडे सोडायलाही चुलत्याला पाठवलं होतं. मला वाटायचं, त्यांना मुंबई आवडत नाही.

माझा नंबर आला. ‘‘किती कॉपी?’’ दुकानदारानं विचारलं. मी नको म्हणून खाली उतरले. लोकलमध्ये मनात एकच येत होतं. त्या वहीतल्या प्रत्येक नावाला घरी एखादी मुलगी असेल. तिला हे असं कळावं का, कुणाच्या तरी परिशिष्टात?

रात्री आत्याला सगळं सांगितलं. वही नेली हेही. ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘भावाचं मी लिवतच नव्हते. त्यानंच हट्टानं लिवायला लावलं. म्हणाला, बाकीचे लिवून जेवत्यात, मी फुकट कसा जेवू?’’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘लाज गरिबालाच वाटती बघ.’’

आदल्याच वर्षी, २००५ साली, लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली गेली होती. आत्याच्या वहीतली सगळ्यात मोठी बाकी हजाराच्या आतली. ती फेडता आली नाही म्हणून माणसं रात्रीची निघून गेली होती.

प्रबंधिकेत मी आकडे दिले, महिने दिले, नावं दिली नाहीत. मॅडम आधी नाराज झाल्या. मी कारण सांगितलं, तेव्हा बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, ‘‘मग हेच प्रस्तावनेत लिही.’’ तोंडी परीक्षेत त्याच प्रश्नावर अर्धा तास गेला. पास झाले. स्थळ थांबलं नाही, त्याचं कुणालाच फार दुःख झालं नाही.

निकालानंतर दादा मला न्यायला आले. चोवीस वर्षांनी. खांद्यावर तांदळाचं पोतं. आत्यानं ते उतरवून घेतलं, ताट वाढलं. दोघं पाऊस, विहीर, म्हैस असंच काहीबाही बोलत राहिली. वहीचा विषय कुणीच काढला नाही. निघताना मात्र आत्यानं देवळीतली वही काढून मुकाट्यानं माझ्या हातात दिली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी कॉलेजात शिकवते. गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी गिरणगावावर काम करते म्हणून घरी आली. तिला ती वही बघायची होती. मी दाखवली, पण नावांच्या रकान्यावर कागदाची पट्टी लावून.

‘‘मॅडम, नावं का झाकलीत?’’ तिनं विचारलं.

योगायोगानं भोगीच होती. म्हटलं, ‘‘बस. आधी जेव, मग सांगते.’’