किमान भाडं म्हणजे ‘सी’ नव्हे

दहावीच्या भूमितीत ‘रेषेचा चढ’ येतो. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो घाटातला आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. बोरघाटात रूळ ३७ मीटर पुढे जातात तेव्हा १ मीटर वर चढतात. वर किती चढलो आणि त्यासाठी पुढे किती गेलो, याचं गुणोत्तर म्हणजे चढ. वाय = एमएक्स + सी या रेषेच्या समीकरणातला ‘एम’ तो हाच.

‘सी’ म्हणजे एक्स शून्य असताना वायची किंमत, रेषा उभ्या अक्षाला छेदते ती जागा. इथे मुलांना हमखास रिक्षाचं उदाहरण देतात: किमान भाडं म्हणजे सी. पण ते चुकतं, आणि कसं चुकतं ते आलेखाच्या कागदावर पाहण्यासारखं आहे.

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये असा रिक्षाचा दर झाला. आडव्या अक्षावर किलोमीटर घ्या, उभ्यावर रुपये. दीडपर्यंत रेष २६ वर सपाट चालते, मग चढू लागते. त्या चढत्या भागाला पट्टी लावा आणि मागे शून्यापर्यंत न्या. दीड किलोमीटर मागे आलं की १.५ × १७.१४, म्हणजे २५.७१ रुपये उतरले. उरले २९ पैसे! रेष जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. दहा किलोमीटर जाणाऱ्याकडून रिक्षात बसण्याचे असे वेगळे पैसे घेतलेच जात नाहीत. कोपऱ्यापर्यंत जाणारा मात्र दीड किलोमीटरचे भरतो.

खरा सी महावितरणच्या घरगुती वीजबिलात सापडतो. त्याचं नाव ‘स्थिर आकार’. महिनाभर घराला कुलूप होतं, मीटर हलला नाही, तरी तो लागतोच. रेष तिथून निघते. १०० युनिटांनंतर दर वाढतो, म्हणजे चढ वाढतो, आणि रेष मोडून अधिक उभी होते.

आता या दुसऱ्या तुकड्यालाही पट्टी लावून मागे न्या. ती उभ्या अक्षाला स्थिर आकाराच्या खाली छेदते. तोही सीच आहे, त्या तुकड्याचा. बिलावर मात्र तो कुठेच छापलेला नसतो.