धारेवर टिकेल असा टॅब

लोणारला विवराच्या कडेवर गोमुख आहे. तिथे बारा महिने पाणी पडतं आणि गावातली माणसं त्याला नुसतं ‘धार’ म्हणतात. हा एकच शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून पाहा. सुरीची धारही धारच, दुधाची धारही धारच; यंत्राने कुठली उचलायची? ‘गोमुखातून पाण्याची धार बारा महिने वाहते’ असं अख्खं वाक्य दिलं, तर बरोबर अर्थ लागण्याची शक्यता कितीतरी वाढते. लोणार पाहायला येणाऱ्या, मराठी न येणाऱ्या पाहुण्यांनी आणि त्यांना फिरवणाऱ्या आपल्या लोकांनी टॅब निवडताना अशीच चार वाक्यं सोबत न्यावीत. दुकानात मात्र बोलणं सुरू होतं ते रॅम किती आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, इथून.

गैरसमज: टॅब जितका महाग, तितकं भाषांतर चांगलं.

इंटरनेट चालू असताना बहुतेक वेळा भाषांतर टॅब करतच नाही. तुमचं वाक्य दूरच्या सर्व्हरवर जातं, तिथे त्याचं भाषांतर होतं आणि उत्तर परत येतं. त्यामुळे साध्या टॅबवर आणि पाचपट किमतीच्या टॅबवर तेच ॲप साधारण तेच वाक्य देणार. रॅम ४ जीबी असली तरी भागतं, ६ असली तर आनंदच. पैसे वाचले तर ते माइक, स्क्रीन आणि बॅटरी यांवर घालावेत. माइक तर सगळ्यात आधी. गोमुखाशी पाण्याचा आवाज आणि देवळातली घंटा यांच्यामधून माणसाचा आवाज उचलला गेला नाही, तर पुढचं सगळं फुकट.

गैरसमज: नेट गेलं की भाषांतर संपलं.

२०१८ साली गूगल ट्रान्सलेटने ५९ भाषांचं सुधारित भाषांतर ऑफलाइन आणलं. त्यात मराठी होती. तेव्हा एका भाषेचा पॅक ३५ ते ४५ एमबीचा होता, म्हणजे मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओएवढा. लोणारला याची गरज पडतेच. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी कडेपासून सुमारे १३७ मीटर खाली. कमळजा देवीच्या देवळापर्यंत झाडीतून उतरून गेलात की चहूबाजूंनी कडा उभा असतो. तिथे सिग्नलचा भरवसा धरू नये.

पण याच्या उलटा गैरसमज जास्त फसवतो: पॅक उतरवला, आता सगळं चालेल. तसं नाही. टाइप केलेला मजकूर, बोललेला आवाज, कॅमेऱ्यासमोरची पाटी आणि टॅबने मोठ्याने वाचून दाखवणं ही चार वेगळी कामं आहेत. मजकुराचं भाषांतर ऑफलाइन झालं, म्हणून मराठी बोलणंही ऑफलाइन ओळखलं जाईल असं नाही; त्याचा पॅक वेगळा असू शकतो, किंवा नसूही शकतो. ‘ऑफलाइन चालतं’ असं दुकानदाराने सांगितलं, तर एअरप्लेन मोड लावून चारही कामं त्याच्यासमोर करून पाहा. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’चं ॲपही सोबत ठेवावं. २०२२ पासून आपल्या भाषांसाठी तिथे काम चालू आहे. एकाच वाक्याची दोन उत्तरं शेजारी ठेवली की चूक लवकर सापडते.

गैरसमज: स्क्रीन मोठी, तेवढी सोय जास्त.

हॉटेलात हो. उतारावर एक हात आधाराला लागतो आणि अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. आठ इंची एका हातात मावतो. उन्हात अक्षरं दिसणं महत्त्वाचं, आणि ते इंचांवर नाही तर उजेडावर ठरतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक स्क्रीन छानच दिसते. टॅब दारात नेऊन, ब्राइटनेस पूर्ण वाढवून, दुपारच्या उन्हात धरून बघा.

उन्हाचा दुसरा त्रास फार कमी लोकांच्या लक्षात येतो. ॲपल कंपनी आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा बेसॉल्ट तापतो तो वेगळाच. तापलेला टॅब स्वतःच स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, कधी बंदच पडतो. टॅब बिघडलेला नसतो. सावलीत ठेवला की परत चालू होतो. काळं कव्हर काढावं, मार्च ते जूनमध्ये सकाळीच खाली उतरावं.

गैरसमज: वाय-फायवाला टॅब आणि सिमवाला टॅब, फरक फक्त किमतीचा.

भाषांतरापुरतं फोनच्या हॉटस्पॉटवर भागतं. पण वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. त्याच टॅबवर नकाशाही बघायचा असेल, तर हे आधी विचारून घ्या. विमानाने छत्रपती संभाजीनगरला उतरून लोणार गाठणाऱ्यांनी पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवावी, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

गैरसमज: लिपी एकच, मग मराठीऐवजी हिंदी निवडली तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. हिंदीतला ‘कल’ मागचाही आणि पुढचाही. मराठीत काल आणि उद्या वेगळे, पण ‘परवा’ मात्र दोन्हीकडचा. शिवाय लोणारचं बोलणं वऱ्हाडी वळणाचं. ‘मले’ म्हणजे मला, ‘काय करून राहिला’ म्हणजे काय करतो आहेस. यंत्र शिकलेलं असतं मुख्यतः छापील प्रमाण मराठीवर, त्यामुळे ते ‘राहिला’मध्ये मुक्काम शोधू शकतं. यात गावच्या माणसाचं काही चुकत नाही. त्याला पुस्तकी बोलायला लावू नका. त्याचं ऐकून आपणच साध्या छोट्या वाक्यात टॅबला सांगावं.

आकड्यांना तर फार जपा. लोणारचं वय जुन्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं, आरगॉन पद्धतीच्या नंतरच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार. वाटाड्या ‘पाच लाख सत्तर हजार’ म्हणाला आणि भाषांतरात एक शून्य गळलं, तर पाहुण्याच्या स्क्रीनवर ५७ हजार येईल. तो आकडा जुन्या मोजणीच्या इतका जवळ आहे की कुणालाच शंका येणार नाही. म्हणून आकडा आला की टॅब वाटाड्याकडे फिरवा आणि त्याला बोटाने अंक लिहायला सांगा: ५, ७, आणि पुढे चार शून्यं.