एका मुनव्याची सोळा वर्षं

केळीचा मुनवा कापला की चीक उडतो. शर्टावर पडला तर डाग जात नाही, तो शर्ट मग कायमचा शेताचा. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे बागेत दर तीन-चार आठवड्यांनी विळा घेऊन हेच काम चालतं: खोडाशेजारी वर आलेली, तलवारीच्या पात्यासारखी पिलं छाटत जायचं. न छाटली तर काय होईल, ते एकदा कागदावर मांडलं.

एका केळीला वर्षाला पाच मुनवे धरले. मोकाट सोडलेली केळ याहून जास्तही देते. प्रत्येक मुनवा लावत गेलो, तर बाराव्या वर्षी आकडा होतो २४ कोटी ४१ लाख ४० हजार ६२५. जळगाव जिल्ह्यातली केळी ५० हजार हेक्टर धरा. दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे सगळी मिळून २२ कोटी २२ लाख. त्याहून जास्त एका कंदापासून, बारा वर्षांत!

पुढे तर हिशेब वेडा होतो. चौदाव्या वर्षी १३ लाख ७३ हजार हेक्टर लागतात आणि अख्खा जळगाव जिल्हा, तापी आणि भुसावळ स्टेशन धरूनही, पावणेबारा लाखांचाच आहे. सोळाव्या वर्षी महाराष्ट्र पुरत नाही.

असा न आवरणारा पसारा एकट्या केळीचाच नाही. थंड मुलखात परसात जेरुसलेम आर्टिचोक लावतात, सूर्यफुलाच्या कुळातला कंद. काढताना बोटाएवढा तुकडा मातीत राहिला तरी पुढच्या वर्षी वाफा पुन्हा भरतो, आणि मालक वैतागतो. हाच चिवटपणा आपल्याकडे केळीत आहे.

केळीला वाढायला दुसरा मार्गही नाही. तिच्यात ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. तिघांची जोडी जमत नाही, म्हणून बी धरत नाही. फळातले काळे ठिपके ही न झालेल्या बियांची खूण. वंश चालतो तो कंदावर. म्हणजे ग्रँड नैन या वाणाची कोट्यवधी झाडं मुळात एकच झाड. नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने या वाणाची टिश्यू कल्चर रोपं आणली, तेव्हा तोच गुणाकार बाटलीत गेला: फेरीला तिप्पट धरलं तर आठ फेऱ्यांत एका कोंबाचे ६,५६१. यात धोकाही आहेच. ग्रो मिशेल हे निर्यातीचं वाण असंच एकसारखं होतं. गेल्या शतकाच्या मध्याला पनामा रोगाने ते बाजारातून उठवलं.

आता फळं. घडाला दीडशे केळी, प्रत्येक वीस सेंटिमीटरचं. जिल्ह्यातल्या त्या २२ कोटी झाडांच्या घडांतली केळी टोकाला टोक लावून मांडली तर ६६ लाख किलोमीटर, चंद्रापर्यंतच्या अंतराच्या सतरापट. (केळ वाकडं असतं, मी सरळ करून मोजलं.)

शिवारात मात्र सगळा जोर वजाबाकीवर. घड बाहेर पडला की एकच मुनवा राखायचा, त्याचीच पुढे पिलबाग, म्हणजे पुढचं पीक. कंदासकट उपटून बांधावर फेकलेले मुनवे पहिल्या पावसात तिथेच मूळ धरतात आणि श्रावणात कुणी न लावलेली रांग हिरवीगार उभी असते.