पाच नट जुळले, पण चाक?

जुन्या इनोव्हाला सेकंडहँड अलॉय शोधत निघालात, की हिंगोली-वसमतकडे कुणीतरी सांगणारच : "क्रेटाची घेऊ नका. ती पुढच्या चाकांवर चालती, आपली मागच्या." सल्ला वाईट नाही, कारण मात्र साफ चुकीचं आहे.

क्रेटाच्या मागच्या चाकांना इंजिन फिरवतच नाही, ती नुसती मागून येतात. तरी चारही रिमा एकाच मापाच्या असतात आणि आपण त्यांची बिनधास्त अदलाबदल करतो. म्हणजे गाडी कोण ओढतंय, याच्याशी रिमला काही देणंघेणं नाही.

ओढणाऱ्या चाकांवरून रिम ठरते, हा समज अगदी हवेतून मात्र आलेला नाही. अॅम्बॅसडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. 1983 मध्ये आलेली मारुती 800 पुढच्या. पुढची चाकंच ओढणार आणि तीच वळणार, तर ज्या रेषेभोवती चाक वळतं ती टायरच्या मध्याजवळ जमिनीला मिळावी लागते. नाहीतर रेस दिली की स्टेअरिंग हिसके देतं. त्यासाठी हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यरेषेपासून बरंच बाहेर ठेवतात. हाच ऑफसेट. रिमवर ‘ईटी’च्या पुढे तो मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. आता मागच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांनाही मोठा ऑफसेट असतो, त्यामुळे जुना ठोकताळा चालत नाही. ऑफसेट कमी असलेली रिम लावली, तर चाक बाहेर येतं. रुबाब वाढतो, तसा बेअरिंगवरचा ताणही वाढतो.

आता इनोव्हा आणि क्रेटा. दोन्हींना पाच नट, दोन्हींचा पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, 114.3 मिमी. पण इनोव्हाचं मधलं भोक 60.1 मिमी, क्रेटाचं 67.1. क्रेटाची रिम इनोव्हावर चढते, नटही आवळले जातात, पण हबभोवती साडेतीन मिलिमीटर फट राहते. चाक जरा जरी मध्य सोडून बसलं, की वेगात स्टेअरिंग थरथरतं. रिंग टाकून फट भरता येईल, पण सात-आठ माणसं आणि टपावरचं सामान त्या रिमला झेपेल का, हे आधी तिच्यावरच्या वजनाच्या आकड्यात पाहा. उलट, इनोव्हाची रिम क्रेटावर जातच नाही. आणि एकाच प्रकारच्या गाड्यांची चाकं जुळतात म्हणावं, तर जिप्सीचा पीसीडी 139.7, जुन्या स्कॉर्पिओचा 160!

चाकं कोण ओढतंय याने खरा फरक पडतो तो फोर-व्हील ट्रॅक्टरला. पुढची लहान चाकं जमिनीवर मागच्यांपेक्षा साधारण 1 ते 5 टक्के पुढे धावावीत, असे त्याचे गिअर जुळवलेले असतात. हळदीच्या ओल्या काळ्या रानात चाक थोडं घसरून ही तफावत पचवतं. पुढे भलत्या घेराचे टायर चढवून फोर-व्हील लावूनच डांबरीवर आलात, तर टायर खरडतात आणि पुढच्या एक्सलचे गिअर ताणले जातात. तिथे रिमचे इंच जुळून भागत नाही, पुढच्या-मागच्या टायरची जोडी कंपनीच्या पुस्तकातलीच लागते.